जंगल आणि उपजीविकांचा ऑनलाइन कोर्स करताय? आधी एक जंगल निवडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जीवशास्त्रातली पदवी, दिवसभराची नोकरी आणि आता वने व समुदायांच्या उपजीविका या विषयाचा पदव्युत्तर पातळीवरचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स. दर आठवड्याला चारेक शोधनिबंध वाचायचे, चर्चेत लिहायचं, इतरांच्या लिखाणावर मत द्यायचं आणि शेवटी एक टर्म पेपर. चार आठवडे झाले. तुम्ही सगळं वाचता, सगळं वेळेत देता, तरी गुण मधलेच पडतात आणि शेरा दर वेळी तोच: 'वर्णन चांगलं, विश्लेषण कमी'. म्हणून तुम्ही विचारलंय की वाचनाचा वेग कसा वाढवायचा, नोट्स कशा काढायच्या आणि जाता जाता जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचं आणि वाचण्याचं तंत्र, शिकून घ्यावं का.

वेग वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. मी आधी वनहक्क आणि वनोपजाच्या कामात गावोगावी फिरले आणि आता बरीच वर्षं अशा कोर्सांच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं निदान असं आहे की वाचलेलं लावून बघायला तुमच्याकडे जागाच नाही. प्रत्यक्ष वर्गात शिकणाऱ्यांना लवकरच कुठल्या तरी जंगलात नेतात. मोळी कोण वाहतं, वजनकाटा कोणाचा आहे, बैठकीत कोण बोलतं आणि कोण मागे गप्प बसतं हे त्यांना दिसतं. पुढे वाचलेला प्रत्येक सिद्धांत ते त्या गावाला लावून बघतात आणि तो कुठे ना कुठे अडतो. तो अडतो तिथून विश्लेषण सुरू होतं. ऑनलाइन विद्यार्थी मात्र सोमवारी नेपाळ वाचतो, बुधवारी कॅमेरून, शनिवारी मेक्सिको. सगळंच पटत जातं, आणि सगळंच पटलं की लिहायला सारांशापलीकडे काही उरत नाही.

तेव्हा माझं उत्तर एका ओळीचं आहे. या आठवड्यात एक जंगल निवडा आणि कोर्स संपेपर्यंत त्याला धरून राहा.

याचा फायदा किती होईल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. सगळे गुण वस्तुनिष्ठ चाचण्यांना असतील तर फार होणार नाही; तिथे व्याख्या पाठ असलेल्या बऱ्या. टर्म पेपरचा विषय वरून ठरवून दिला असेल तर जंगल त्या विषयाला साजेसं निवडावं लागेल. शिवाय तुमची पार्श्वभूमीही आड येते. जीवशास्त्राकडून आलेली माणसं जंगलाबद्दल आत्मविश्वासाने लिहितात आणि माणसांबद्दल लिहायची वेळ आली की 'स्थानिक समुदाय' म्हणून मोकळी होतात. समाजशास्त्राकडून आलेल्यांचं उलट असतं. त्यांच्या लिखाणात माणसं जिवंत असतात, पण झाड कुठल्या जातीचं आणि ते तोडल्यावर परत फुटतं की नाही याचा पत्ता नसतो. तुमचा शेरा पहिल्या प्रकारचा आहे असा माझा अंदाज आहे.

जंगल कसं निवडायचं? तुम्ही एखाद्या जंगलाजवळ वाढला असाल किंवा तिथे नियमित जाणं असेल तर ते घ्या. तसं नसेल तर कागदावरचं जंगलही चालतं, फक्त तीन गोष्टी हव्यात. एक, त्याबद्दल निदान दोन वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेलं उपलब्ध असावं, म्हणजे वनखात्याची कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकृत आराखडा) एका बाजूला आणि संस्थेचा किंवा संशोधकाचा अहवाल दुसऱ्या बाजूला. दोन, तिथून एखादी वस्तू बाहेर विकली जात असावी. नुसत्या सरपणावर आणि चराईवर उभ्या असलेल्या गावातही शिकण्यासारखं खूप असतं, पण बाजार आला की परवाने, दलाल, वाहतूक आणि भाव हे सगळं उघड्यावर येतं. तीन, काहीतरी वाद असावा. वाद नसलेल्या जंगलावर चांगला पेपर लिहिलेला मी क्वचितच वाचला आहे.

फार गाजलेली ठिकाणं टाळा असं मी सहसा सांगते. नेपाळमध्ये 1993 च्या वन कायद्याने वन उपभोक्ता गटांना जंगल सोपवण्याचा पाया घातला, आज असे गट हजारोंच्या संख्येत आहेत, आणि त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय की नवख्याला आपलं म्हणणं शोधणं जड जातं. टांझानियातलं गावाच्या मालकीचं एखादं राखीव जंगल किंवा मेक्सिकोतला एखादा एहिदो, म्हणजे सामाईक जमीन धारण करणारा गट, हे त्या मानाने मोकळे विषय आहेत. गाजलेलं ठिकाणच घ्यायचं असेल तर त्यातला न गाजलेला कोपरा घ्या.

निवड झाली की पहिलं काम कंटाळवाणं पण मोलाचं आहे. तुमचं जंगल कोणाच्या व्याख्येने जंगल आहे ते बघा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्धा हेक्टरहून मोठं क्षेत्र, पाच मीटरहून उंच झाडं आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेली जमीन, हवं. त्यातून तेलताडाची लागवड आणि फळबागा वगळल्या आहेत, रबराची लागवड मात्र धरली आहे. भारताचं वन सर्वेक्षण एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र धरतं, जमीन कोणाच्याही मालकीची असो. उपग्रहावरून वृक्षाच्छादन मोजणाऱ्या नकाशांना तर नैसर्गिक जंगल आणि लागवड हा फरकच नीट कळत नाही. त्यामुळे एकाच गावाचं 'जंगल' एका आकडेवारीत वाढतं आणि दुसरीत घटतं, आणि ज्यात बाई रोज सरपणाला जाते ते झुडपी रान कुठेच दिसत नाही. तुमच्या जंगलाबाबत हे एकदा तपासलंत की पुढे 'वनक्षेत्रात वाढ झाली' हे वाक्य तुम्ही कधीच निमूट उतरवून घेणार नाही.

आता वाचन. चारही निबंध सारखेच खोल वाचायचे नसतात आणि शिकवणाऱ्यांची तशी अपेक्षाही नसते. पहिल्या बैठकीत चारही चाळा: सारांश, मग थेट तक्ते, मग पद्धतीचा भाग. त्यातला तुमच्या जंगलाशी जास्त भांडणारा एक निवडा आणि तोच पूर्ण वाचा. बाकीच्या तिघांसाठी प्रत्येकी अर्धा तास पुरे. पद्धतीच्या भागात मी नेहमी मोजमापाचं एकक शोधायला सांगते. हा निबंध घर मोजतो, गाव मोजतो की जंगलाचा तुकडा? घर मोजणाऱ्या निबंधाला घराच्या आतलं काही दिसत नाही. उत्पन्न घरात आलं, पण ते कोणाच्या हातात राहिलं हे त्याच्या तक्त्यात नसतं.

एक उदाहरण घेऊ, कारण हा आकडा तुमच्या कोर्समध्ये कुठे ना कुठे येणारच. 'पॉव्हर्टी एन्व्हायर्नमेंट नेटवर्क' या प्रकल्पात 24 विकसनशील देशांतल्या सुमारे 8000 कुटुंबांचं उत्पन्न मोजलं आणि 2014 मध्ये निष्कर्ष आले. कुटुंबाच्या एकूण उत्पन्नातले 28 टक्के निसर्गातून थेट गोळा केलेल्या वस्तूंतून येत होते आणि त्यातले 77 टक्के नैसर्गिक जंगलातून. बहुतेक विद्यार्थी हे वाक्य उद्धृत करून पुढे जातात. थांबा आणि विचारा की विकलंच न गेलेलं सरपण पैशात कसं मोजलं? आठवणीवर किती भिस्त होती? (त्यांनी वर्षात चार फेऱ्या केल्या, म्हणून ही माहिती वर्षातून एकदाच विचारणाऱ्या पाहण्यांपेक्षा भरवशाची.) गरीब घरांत हा वाटा जास्त निघाला, पण गरीब आणि सुस्थितीतल्या घरांमधला फरक आधी वाटत होता तेवढा मोठा नव्हता. मग तुमच्या गावात काय असेल? बैल, गाडी, गडी ज्याच्याकडे आहेत तोच जंगलातून जास्त माल काढत असेल का? हा शेवटचा प्रश्न लिहिलात की विश्लेषण सुरू झालं. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही, पण कोणती माहिती मिळाली असती तर उत्तर ठरलं असतं ते सांगता आलं पाहिजे.

सिद्धांतांचंही असंच करायचं. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं की सामाईक कुरणावर जो तो आपला फायदा बघतो आणि कुरण संपतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं की लोक नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात आणि सामाईक साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्डिन यांनीही पुढे मान्य केलं की आपण सामाईक साधनांना 'व्यवस्थापन नसलेली' हे विशेषण लावायला हवं होतं. इथपर्यंत सगळे लिहितात. त्यानंतर सामाईक साधनं टिकवणाऱ्या व्यवस्थांत आढळणारी ऑस्ट्रॉम यांची आठ तत्त्वं घेऊन आपल्या गावावर बरोबरच्या खुणा करत सुटतात, 'आठपैकी सहा तत्त्वं आढळली', आणि पेपर संपवतात. असे पेपर तपासताना झोप येते, खरं सांगते. त्यापेक्षा एकच तत्त्व घ्या. पायरीपायरीने वाढणारी शिक्षा हे घ्या. पहिल्यांदा हिरवं झाड तोडणाऱ्याला समज, दुसऱ्यांदा दंड. दंड कोण ठरवतं? वसूल कोण करतं? गावातल्या वजनदार घरातल्या माणसाने तोडलं तर तोच दंड होतो का? इथून तुम्ही आपोआप अरुण अग्रवाल आणि क्लार्क गिब्सन यांच्या 1999 च्या मांडणीकडे जाल. समुदाय एकजिनसी समजू नका. त्यातली माणसं, त्यांचे हितसंबंध आणि निर्णय कसे होतात ते बघा, असं त्यांचं सांगणं. बीना अग्रवाल यांनी 2001 मध्ये वनसमित्यांमधल्या स्त्रियांच्या सहभागाच्या पायऱ्या मांडल्या, नाममात्र सदस्यत्वापासून खऱ्या निर्णयशक्तीपर्यंत. तुमच्या जंगलाच्या समितीत स्त्रिया किती आहेत हे कुठलाही अहवाल सांगेल. त्या कुठल्या पायरीवर आहेत हे शोधावं लागतं. बैठकीची वेळ, इतिवृत्तातली नावं, ठरावाचा सूचक कोण, अशा बारीक गोष्टींत ते सापडतं.

माझ्या मते सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे जेसी रिबो आणि नॅन्सी पेलुसो यांची 2003 ची 'पोहोच' ही संकल्पना: एखाद्या वस्तूपासून फायदा मिळवण्याची क्षमता. हक्क हा त्या क्षमतेचा एक भाग झाला. भांडवल, बाजार, माहिती, ओळखीपाळखी, मजूर आणि वाहतूक हे बाकीचे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू, म्हणून स्पष्ट धरलेला आहे. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडलं. त्या मधल्या काळात कायद्याने हक्क होता आणि माल जंगलाबाहेर नेता येत नव्हता. हक्क आणि पोहोच यांतलं अंतर समजावायला मला यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडलेलं नाही. तुमच्या जंगलातही अशी एखादी अडलेली जागा असणार. कुठे ती परवान्याची असेल, कुठे एकच खरेदीदार असल्याची, कुठे साठवायला गोदाम नसल्याची.

ती जागा शोधायला एक तक्ता बनवा. महिना, वस्तू, गोळा कोण करतं, घरी किती जातं आणि विक्रीला किती, घेणारा कोण, परवानगी कोणाची. मध्य भारतातलं पानझडी जंगल धरलं तर मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने, पावसाळ्यात रानभाज्या आणि पाऊस संपल्यावर बांबूतोड, असा ढोबळ क्रम लागतो. तक्ता भरताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. शेतीत काम नसतं नेमक्या त्या महिन्यांत जंगलातून पैसा येतो. आणि जी वस्तू खाण्याची आहे तिथे परवानगीचा रकाना बहुधा रिकामा राहतो, जी विक्रीची आहे तिथे तो भरलेला असतो. आता हा तक्ता सिद्धांताला भिडवा. जंगलाचं उत्पन्न तीन कामं करू शकतं असं मानतात: रोजचा खर्च भागवणं, संकटात आधार देणं आणि गरिबीतून बाहेर काढणं. मघाच्याच प्रकल्पात असंही दिसलं की आजारपण किंवा पीक बुडण्यासारखा धक्का बसल्यावर मुख्य उपाय म्हणून जंगलाकडे वळल्याचं फार थोड्या कुटुंबांनी सांगितलं. मग तुमच्या तक्त्यातला उन्हाळी पैसा हा संकटातला आधार म्हणायचा की दरवर्षीचा ठरलेला खर्च भागवणारा? या एका प्रश्नावर अख्खा टर्म पेपर उभा राहतो.

तक्त्यातल्या काही जागा रिकाम्या राहतील. त्या भरायला लगेच कोणाला फोन लावू नका. कोर्सकडून नैतिक परवानगी घेतलेली नसेल तर मुलाखती घेऊन त्या पेपरात वापरणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि या विषयात तर त्याला फार वजनदार कारण आहे. जंगलावर जगणाऱ्या माणसांचं रोजचं काम अनेकदा कायद्याच्या काठावर चाललेलं असतं. तुमच्या पेपरातल्या एका वाक्यावरून कोणाच्या दारात वनरक्षक उभा राहू शकतो. लिलावाच्या जाहिराती, कार्य आयोजना, ग्रामसभेचे जाहीर ठराव, न्यायालयाचे निकाल, आधीचे शोधप्रबंध हे सगळं खुलं आहे. त्यातून बरंच भरतं. जे भरत नाही ते रिकामं ठेवून तसं लिहा. रिकाम्या रकान्यामुळे मी कधी गुण कापलेले नाहीत.

चर्चेबद्दल थोडक्यात. शेवटच्या रात्री टाकलेलं मत कोणी वाचत नाही, त्यामुळे आठवड्याच्या पहिल्या अर्ध्यात लिहा. निबंधात काय आहे ते सांगू नका, सगळ्यांनी वाचलंय. 'निबंध असं म्हणतो, माझ्या जंगलात असं दिसतं, फरकाचं कारण हे असावं' एवढ्या तीन पायऱ्यांत मत संपवा. उत्तर देताना ज्याचं जंगल तुमच्याहून वेगळं आहे त्याला द्या. तुमचं पानझडी असेल तर सदाहरित जंगलावर काम करणाऱ्या, तुमच्याकडे वनखात्याचा अंमल असेल तर सामाईक मालकीच्या देशातल्या सहाध्यायाला. निरनिराळ्या देशांतली माणसं एका वर्गात असणं ही ऑनलाइन कोर्सची खरी कमाई आहे, आणि 'छान मुद्दा, सहमत' लिहून बहुतेक जण ती वाया घालवतात.

नोट्ससाठी मोठी यंत्रणा नको. झोटेरो किंवा तसलंच एखादं संदर्भ ठेवायचं साधन आजच सुरू करा आणि प्रत्येक निबंधाखाली तीन ओळी लिहा: दावा काय, कशावरून, माझ्या जंगलाला लागू होतो का. सारांश करून देणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. ती तक्ते वगळतात आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधांची नावं देतात, आणि पेपर तपासणाऱ्याला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं.

टर्म पेपरचा प्रश्न सहाव्या आठवड्यापर्यंत एका पानावर लिहून शिक्षकांना पाठवा, त्यांनी मागितला नसला तरी. 'जंगल आणि उपजीविका: एक अभ्यास' असलं काही पाठवू नका. 'वाहतूक परवाना ग्रामसभेकडे आल्यावर बांबूतोडीची मजुरी आणि विक्रीचा नफा यांचे निर्णय कोण घेतं?' इतका अरुंद प्रश्न पाठवा. अरुंद प्रश्नावर शिक्षक नेमकं काहीतरी सुचवतात, रुंद प्रश्नावर फक्त शुभेच्छा येतात. पुढे माहिती अपुरी पडली तर प्रश्न बदला, जंगल बदलू नका. नवं जंगल म्हणजे तक्ता, व्याख्या, कायदा सगळं पहिल्यापासून, आणि नोकरी सांभाळून तेवढा वेळ उरत नाही.

राहिलं जीआयएस. या कोर्सपुरतं नको. तयार नकाशा उघडून त्यावर आपल्या जंगलाची हद्द ओळखता आली आणि नकाशा कोणत्या साली, कोणत्या व्याख्येने बनवलाय हे सांगता आलं की काम भागतं. पुढच्या वर्षी शोधप्रबंध करणार असाल आणि त्यात जमीनवापरातला बदल मोजायचा असेल तर मधल्या सुट्टीत क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर शिका. ते मोफत आहे. सरावासाठी हेच जंगल घ्या, म्हणजे नकाशावरचं झुडपी रान कुठल्या रंगात गेलंय हे तुम्हाला लगेच कळेल.